तेक्लाच्या खुर्चीचा नियम

आमच्या घरी दर रविवारी चर्च सुटलं की पोकर चालायचा. बारा वाजता पानं पडायची, दिवस कलायच्या आत उठायचं. चार खुर्च्या, एक स्वयंपाकाचं टेबल, आणि पैज म्हणून मी कामाला जायचे त्या शर्टाच्या कारखान्यातली टाकाऊ बटणं. डाव कुठला खेळायचा ते पानं वाटणारा ठरवी. त्यामुळे प्रत्येकाचा लाडका डाव वेगळा, आणि प्रत्येक डावाची भांडणंही वेगळी.

खेळणारे चौघे. एक माझा नवरा युर्को. कोळशाच्या खाणीत सुरुंग लावायचा, आणि घरी आल्यावरही तसाच वागायचा. दुसरा स्तुश, खाणीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दिवा घेऊन स्फोटक वायू तपासणारा. आमच्या मुलीचा, मेरीचा तो धर्मपिता, म्हणून मला ‘कुमा’ म्हणायचा, म्हणजे आपल्यात विहीणबाईचा असतो तसा मान. तिसरा वासिल, आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहणारा, किडकिडीत, सदा खोकणारा. आणि चौथी मी. चौथी खुर्ची खरं तर वासिलच्या भावाची, प्रोकोपची होती. कोळशाच्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली. तो गेल्यावर तिघांत खेळ रंगेना, तेव्हा युर्कोच म्हणाला, “बस गं तू. तशीही स्वयंपाकघरातच असतेस.” तशी मी बसले.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी आमचा खेळ मोडला. डाव होता सात पानांचा, भारी-हलका; सातांतली हवी ती पाच धरायची. सगळ्यात भारी हाताला अर्धा ढीग, सगळ्यात हलक्या हाताला अर्धा. शेवटी प्रत्येकाने टेबलाखाली मुठीत बटणं लपवायची. रिकामी मूठ म्हणजे मी हलक्यासाठी लढतो, एक बटण म्हणजे भारीसाठी, दोन बटणं म्हणजे दोन्ही मीच जिंकणार. मग सगळ्यांनी मुठी वर ठेवून एकदम उघडायच्या. दोन बटणं धरणाऱ्याने एका बाजूला जरी हार खाल्ली, तरी त्याचं सगळं जातं. युर्कोने दोन बटणं धरली. भारी हात त्याचाच निघाला, पण हलक्यात त्याची आणि वासिलची अगदी बरोबरी झाली.

“बरोबरी म्हणजे हरणं नव्हे,” युर्को म्हणाला.

“जिंकणंही नव्हे,” स्तुश म्हणाला. “सगळं गेलं तुझं.”

तसा नियम आमच्याकडे लिहिलेलाच नव्हता. तेवढ्यात वासिल शहाण्याने मला विचारलं, “तेक्ला, तुला काय वाटतं?” आणि मी मूर्ख, बोलून गेले, की बरोबरी म्हणजे काही जिंकणं नव्हे.

पाहुणे गेल्यावर युर्कोने माझा डावा हात धरून कपाटाच्या खणात घातला आणि कमरेचा रेटा देऊन खण बंद केला. दोन बोटं मोडली. मोडताना आवाज होतो, तो बाहेरून नाही, आपल्या आतून ऐकू येतो. मग माझ्या कानाशी तोंड आणून तो अगदी शांतपणे म्हणाला, “पुढच्या खेपेला मान मोडीन.” बावीस वर्षांच्या संसारात त्याने मला दिलेला एकही शब्द मोडला नव्हता, म्हणून मी तोही खराच धरला.

कारखान्यात मी बटणांची काजं करते. दोन बोटांना चमच्याची दांडी बांधून कशी करणार? मुकादमीण म्हणाली, “पुन्हा पडलीस का गं जिन्यावरून?” आमच्या वस्तीतले जिने फार वाईट. अर्ध्या बायका त्यांच्यावरूनच पडायच्या.

आता जायचं कुठे? मेरी लग्न करून दूर न्यू जर्सीला, एका खोलीत, पोटुशी. पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले, प्रार्थना कर आणि जेवण वेळेवर दे. पोलिसात युर्कोचा मावसभाऊ. आठवडाभर मी एकच विचार केला, की मला मरायचं नाही. छातीत भीती होती, पण तिच्यापेक्षा राग जास्त होता. आणि तेवढ्यात दुसरा रविवार आला.

आमची एक रीत होती. भांडणावरून खेळ मोडला की नियम ठरेपर्यंत पानाला हात लावायचा नाही. प्रत्येक खुर्चीने एक नियम मांडायचा. चौघांनीही टेबलावर बोटांची पेरं ठोकली तर नियम मंजूर. एकाने जरी नाही ठोकलं तर नामंजूर. मंजूर झालेला नियम कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला सुतारी पेन्सिलीने लिहायचा, खुर्चीच्या नावासकट. नियमात काही सांगायचं राहिलं असेल तर ज्याच्या खुर्चीचा नियम त्याने सांगायचं, आणि ते शेवटचं.

हसू नका. ही माणसं जमिनीखाली आयुष्य काढलेली. तिथे नियम म्हणजे जीव. खाली काडेपेटी नेणाऱ्या माणसाला साहेबाकडे नेत नाहीत. त्याचेच जोडीदार त्याला पाय धरून वर ओढून आणतात आणि बडवतात. युर्कोने स्वतः अशा एकाचा जबडा फोडला होता, आणि त्या गोष्टीचा त्याला मरेपर्यंत अभिमान. हे तिघे देवाला भीत नव्हते, बायकोला तर नाहीच नाही, पण मंजूर झालेल्या नियमाला भीत होते. बावीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं होतं. त्यांना मी ओळखत होते.

तर दुसऱ्या रविवारी तिघे बसले. बाहेर गुडघाभर बर्फ. चुलीवर कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भात-खिम्याचं पातेलं. युर्को दोन ग्लास व्हिस्की आधीच पिऊन बसलेला. माझ्या बांधलेल्या बोटांकडे स्तुशने एकदा बघितलं आणि मग पातेल्याकडे बघून म्हणाला, “वास झकास सुटलाय, कुमा.”

“माझा नियम असा,” स्तुशने सुरुवात केली. “वाटणाऱ्याच्या चुकीने पान उघडं पडलं तर ते उघडंच राहील. परत घ्यायचं नाही.”

चौघांनी ठोकलं. मी उजव्या हाताने ठोकलं.

वासिल खोकला. “माझा असा, की एका डावात दोनच जोकर. त्याहून जास्त पानं जोकर म्हणायची नाहीत.”

“का रे?” युर्को उसळला.

“का म्हणजे? तू वाटायला बसलास की तिर्री जोकर, नव्वी जोकर, राणीच्या मागून येईल तेही जोकर! मागच्या महिन्यात दोघांकडे पाच-पाच एक्के निघाले. हा काय पोकर आहे की जादूचे प्रयोग?”

स्तुश खो खो हसला. युर्को हसला नाही, पण ठोकलं. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या नियमावर होतं.

“आता माझा,” तो म्हणाला. “दोन्ही बाजू धरणारा बरोबरीत आला तर हरत नाही. आपला वाटा घेतो.”

“नाही,” स्तुश म्हणाला.

“ठोक.”

“नाही ठोकत. दोन्ही मीच जिंकणार म्हणून छाती काढायची, आणि वर बरोबरी चालवून घ्यायची? जिंकणार म्हणालास तर जिंकून दाखव.”

युर्कोने बाटली उचलून टेबलाच्या कडेवर हाणली. काच माझ्या मांडीवर आली. हातात उरलेला दातेरी गळा त्याने स्तुशच्या हनुवटीखाली धरला. “ठोक म्हणतो ना.”

वासिल खुर्चीसकट मागे सरकला. स्तुश हलला नाही. त्याच्या गळ्याला काच टोचून रक्ताचा एक थेंब कॉलरवर उतरला, तरी त्याने डोळे मिटले नाहीत. “मान कापलीस तर ठोकायला तीनच हात उरतील,” तो म्हणाला. “आणि चार लागतात. अजून एका खुर्चीचा नियम यायचा आहे. सगळ्यांचे झाले की तुझ्याला ठोकीन. तोवर बस खाली, गाढवा.”

युर्कोने काच चुलीमागे भिरकावली. “कुठली खुर्ची राहिली?”

“माझी,” मी म्हणाले.

आठवडाभर मी ते वाक्य शिवणयंत्रावर मनात म्हणत होते. “माझा नियम असा, की या घरात जो हात उचलेल तो घराबाहेर.”

युर्को इतक्या जोरात हसला की त्याला ठसका लागला.

“अगं, हा काय पोकरचा नियम आहे?”

“प्रोकोपचा नियम होता, जमिनीवर थुंकायचं नाही,” स्तुश रुमालाने गळा पुसत म्हणाला. “तो कुठे पोकरचा होता? खुर्चीला हक्क आहे. तिला वाटेल तो मांडेल.”

“बायकोने नवऱ्याला नियम लावायचा?”

“बायको नाही. खुर्ची,” स्तुश म्हणाला, आणि अगदी खरं सांगते, तो माझ्या बाजूने बोलत नव्हता. तो नियमाच्या बाजूने बोलत होता. “ठोकायचं नसेल तर नको ठोकूस. पण मग तुझ्या बरोबरीलाही मी ठोकणार नाही, आणि आज पानं पडणार नाहीत. चल वासिल, कोट घे.”

युर्कोला त्या बरोबरीच्या नियमाने पछाडलं होतं. मागच्या रविवारी आपण चूक नव्हतो, हे दारावर लिहिलेलं त्याला बघायचं होतं. त्यापुढे माझं वाक्य म्हणजे बायकी बडबड.

“होऊ दे एकदाचं,” तो म्हणाला आणि इतक्या जोरात ठोकलं की ग्लास उडाला. वासिलने ठोकलं. स्तुशने ठोकलं. मी ठोकलं. मग बरोबरीलाही चौघांनी ठोकलं. स्तुशने चष्मा लावला, कोठीचं दार उघडलं आणि चारही नियम लिहिले. तेक्लाची खुर्ची, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं. इतकी वर्षं खेळले, पण दर खेपेला ‘माझा काही नाही’ म्हणून सोडून दिलेलं, म्हणून माझं नाव त्या दारावर नव्हतं.

मग आम्ही जेवलो. जेवणं झाल्यावर पानं युर्कोने वाटली. डाव कुठला, ते सांगायला नकोच. भारी-हलका.

मला उघडी पानं आली दोन राजे, एक दुर्री, एक छक्की. राजांची जोडी सगळ्यांना दिसत होती. खाली झाकलेली होती एक्का, तिर्री आणि चव्वी. म्हणजे हलक्यासाठी माझा हात छक्कीपर्यंतच जात होता. याहून हलका हात महिन्यातून एकदा येतो. वासिलने पानं टाकून दिली. स्तुश भारीसाठी खेळतोय हे त्याच्या नाकपुड्यांवरून कळायचं. युर्कोने माझ्या राजांकडे बघितलं आणि ठरवलं की ही बया भारीकडे चालली आहे.

मुठी टेबलावर आल्या. उघडल्या. स्तुशकडे एक बटण, युर्कोकडे दोन. माझी मूठ रिकामी.

युर्कोने पानं एकेक करून मांडली. पाचही इस्पिक, आणि त्यातलं सगळ्यात मोठं पान सत्ती. एकाच रंगाची म्हणून भारी, सत्तीच्या वर काही नाही म्हणून हलकी, एकाच पाच पानांत दोन्ही. खरोखर देखणा हात होता. ढिगावर हात टाकत तो म्हणाला, “आता बरोबरीचीसुद्धा गरज नाही.”

मी माझी पानं उलटली. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, छक्की.

घाबरून पानं टाकून देता आली असती. सत्तर वेळा तसं केलं होतं, जिंकायचा हात नवऱ्याच्या तोंडाकडे बघून झाकला होता. त्या दिवशी नाही झाकला. त्याने मला मारावं म्हणून मी हे केलं का, असं मेरीने एकदा विचारलं. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की पानं मी एकेक करून, सावकाश उलटली.

“छक्की,” स्तुश पुटपुटला. “हलकं तिचं. तू दोन्ही धरलं होतंस. म्हणजे भारी माझं. तू गेलास, युर्को.”

युर्कोने टेबलावरूनच उलट्या हाताने मला मारलं. अंगठीचा हात होता. खालचा ओठ फाटला, एक दात जिभेवर आला, आणि खुर्चीसकट मी कोठीच्या दारावर जाऊन आदळले. तो टेबलाला वळसा घालून आला, माझे केस मुठीत धरले आणि डोकं मागे ओढलं. मान पूर्ण ताणली गेली. छताला लटकलेला दिवा मला दिसला आणि वाटलं, झालं, शब्द पाळतोय.

“सोड,” स्तुशचा आवाज आला.

“तू मध्ये पडू नकोस. नवरा-बायकोचं आहे.”

“दारावर लिहिलंय. तू ठोकलंस. कोट घे.”

“माझं घर आहे!”

“तू ठोकलंस,” स्तुश पुन्हा म्हणाला. आता त्याचा आवाज खाणीतला झाला होता.

युर्कोने मला सोडलं ते त्याच्यावर धावून जायला. पहिला ठोसा स्तुशच्या डोळ्यावर बसला. स्तुश साठीचा, पण त्याने कोळशाचं फावडं उचललं आणि युर्कोच्या गुडघ्यावर आडवं मारलं. युर्को कोसळला आणि टेबल घेऊन कोसळला. बटणं घरभर उडाली. वासिल, जो तीन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा, तो त्याच्या पायांवर पडला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिला. युर्कोने त्याच्या तोंडावर लाथ घातली. वासिलच्या नाकातून रक्ताची धार लागली, पण त्याने पाय सोडले नाहीत. स्तुशने फावड्याच्या दांड्याने युर्कोच्या खांद्यावर घाव घातला. एकदा, दोनदा. दुसऱ्या घावाला हाड मोडलं. तो आवाज मी ओळखला.

मग त्यांनी त्याला ओढला. खाणीत ओढतात तसा, पाय पुढे, डोकं मागे. दाराशी त्याने धड असलेल्या हाताने चौकट धरली आणि माझ्याकडे बघून ओरडला, “तेक्ला, सांग यांना!” बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे काही मागत होता. मी तोंडातला दात हातावर काढला आणि काहीच सांगितलं नाही. स्तुशने चौकटीवरच्या बोटांवर बूट ठेवून दाबला. बोटं सुटली. पायऱ्यांवरून तो बर्फात गेला, आणि स्तुशने आतून कडी घातली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून, गरम सूप प्यायल्यासारखा. नंतर चर्चमध्ये कबुलीला गेले तेव्हाही मी ते पाप म्हणून सांगितलं नाही.

दोघांनी टेबल उभं केलं. खुर्च्या लावल्या. स्तुशचा डोळा मिटत चालला होता. वासिल शर्टाची बाही नाकाला लावून बसला. बाहेरून युर्को पुढचं दार बडवत होता. शिव्या देत होता, मग विनवत होता, मग पुन्हा शिव्या. स्तुश उठून कोठीच्या दारापाशी गेला आणि नियम पुन्हा वाचला.

“घराबाहेर,” तो म्हणाला. “पण किती वेळ ते लिहिलेलं नाही. डाव संपेपर्यंत? आजच्या दिवसापुरतं?”

“रात्री झोपायला तर येऊ द्यावं लागेल,” वासिल बाहीतून बोलला. “बर्फ आहे. पलंग त्याचा आहे.”

“तेच म्हणतोय मी. थुंकणाऱ्याला प्रोकोप एक डाव बाहेर बसवायचा.”

माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि हे दोघे मोजत होते, की आज रात्री माझा नवरा मला मारायला किती वाजता घरात शिरू शकतो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खरंच नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

“कुमा,” स्तुश माझ्याकडे वळला. “नियम तुझ्या खुर्चीचा. तू सांग. तू सांगशील ते शेवटचं.”

“कायमचा,” मी म्हणाले. फाटक्या ओठामुळे शब्द नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, “कायमचा. पलंगासकट.”

स्तुशने पेन्सिल चाटली आणि माझ्या ओळीपुढे तो शब्द लिहिला. “झालं,” तो म्हणाला. “पलीकडच्या आळीत त्याची बहीण आहे. मी नेऊन सोडतो. परत आला तर मी आहे, वासिल आहे. दारावर आहे ते आहे.” आणि मला कळलं, की हे खरं आहे. हा माणूस मरेपर्यंत हे पाळणार. पोलीस, पाद्री, सासर-माहेर, कोणीही जे केलं नाही, ते हा एका पेन्सिलीच्या ओळीसाठी करणार.

तेव्हा मात्र माझा राग वर आला. युर्कोवरचा नाही. “आणि आधीची बावीस वर्षं?” मी विचारलं. “मेरी पोटात असताना त्याने मला या जिन्यावरून ढकललं होतं. तुम्ही दोघं इथेच बसला होतात. पानं हातात होती तुमच्या. तेव्हा कोणी खुर्चीवरून उठलं नाही ते?”

स्तुशने चष्मा काढला. “नियम आधीच्या डावांना लागत नाही, कुमा,” तो हळूच म्हणाला.

वासिल मात्र रडत होता. नाकातलं रक्त आणि पाणी एकत्र. “तसं नाही, तेक्ला. आम्हाला वाटायचं, दुसऱ्याच्या घरातलं... मधली भिंत फळ्यांची आहे. मला ऐकू यायचं. पण मला वाटायचं, तुला कळू नये की मला ऐकू येतंय.”

“मला कळायचं,” मी म्हणाले. “मी ओरडले की तुझा रेडिओ मोठा व्हायचा.”

तो उठला. मागच्या दाराने बाहेर गेला आणि माझ्या ओठाला लावायला मूठभर बर्फ घेऊन आला. मी तो घेतला. आभार मानले नाहीत.